ऑयलर मार्ग आणि हॅमिल्टन मार्ग : नेमका फरक काय?



पेन्सिल न उचलता आणि एकही रेघ दोनदा न गिरवता पाकीट काढायचं कोडं आपण सगळ्यांनीच सोडवलंय. पाचवीच्या एका मुलीने फळ्यावर बंद पाकीट काढलं, म्हणजे चौकोन आणि त्याचे दोन कर्ण. म्हणाली, "मॅडम, हे जमतच नाही." मी म्हटलं, "प्रयत्न कर, जमेल." चूक माझीच होती. ते कोणालाच जमणार नाही! का, ते आज पाहू.

आलेख म्हटलं की आपल्याला स्तंभालेख आठवतो. पण इथे ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढंच.

ऑयलर मार्ग : प्रत्येक रेषा एकदाच

कोनिग्सबर्ग शहरात (आजचे रशियातील कालिनिनग्राद) प्रेगेल नदीमुळे जमिनीचे चार भाग झाले होते आणि त्यांना जोडणारे 7 पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी पूर्ण होईल का? लिओनार्ड ऑयलर यांनी 1736 च्या सुमारास सिद्ध केलं, की होणार नाही.

कारण सोपं आहे. एखाद्या बिंदूवर एका रेषेने आलो की दुसरीने बाहेर पडावं लागतं, म्हणजे रेषा जोडीने संपतात. विषम रेषा फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूला चालतात. म्हणून जोडलेल्या आकृतीत विषम बिंदू 0 किंवा 2 असतील तरच ऑयलर मार्ग मिळतो. कोनिग्सबर्गमध्ये चार भागांना 5, 3, 3, 3 पूल, म्हणजे चारही विषम. बंद पाकिटाच्या चारही कोपऱ्यांवर 3-3 रेषा, तिथेही तेच! उघड्या पाकिटात मात्र फक्त खालचे दोन कोपरे विषम असतात, म्हणून तिथून सुरुवात केली की जमतं.

हॅमिल्टन मार्ग : प्रत्येक बिंदू एकदाच

आयर्लंडचे गणिती विल्यम हॅमिल्टन यांनी 1857 मध्ये 20 बिंदूंचा एक खेळ तयार केला. प्रत्येक बिंदूला एकदाच भेट देऊन सुरुवातीला परत यायचं. इथे काही रेषा वापरल्या नाहीत तरी चालतं.

गावातलं उदाहरण घ्या. घंटागाडीला प्रत्येक गल्लीतून जायचं असतं, तो ऑयलरचा प्रश्न. दूधवाल्याला प्रत्येक गिऱ्हाईकाच्या घरी जायचं असतं, तो हॅमिल्टनचा.

एक जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही

कोनिग्सबर्गचे सातही पूल एकेकदाच ओलांडता येत नाहीत, पण चार पूल वापरून चारही भागांत एकेकदा जाऊन घरी परतता येतं. उलट, डमरूसारखे टोकाला जोडलेले दोन त्रिकोण घ्या. सगळ्या रेषा एका दमात गिरवून परत येता येतं, पण सगळे बिंदू फिरून परत यायचं तर मधल्या बिंदूवर दोनदा जावंच लागतं.

मोठा फरक पुढेच आहे. ऑयलर मार्ग आहे की नाही, हे नुसत्या रेषा मोजून कळतं. हॅमिल्टन मार्गासाठी सगळ्या ग्राफना लागू पडेल अशी सोपी कसोटी अजून सापडलेली नाही.

म्हणून मुलं "जमत नाही" म्हणाली, तर लगेच "प्रयत्न कर" म्हणू नका. "का जमत नाही?" असं विचारा. "मला सापडलं नाही" आणि "असूच शकत नाही" यातला फरक कळणं, हेच तर गणित. वर्गात नक्की करून पाहा!