काटा काढला का?

‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली नसेल, तर मराठवाड्यातला एकही मित्र तुम्हाला नाही असं खुशाल समजा. मी त्याच परभणी जिल्ह्यातली. आणि आजचा विषय आहे गाडीचं पंक्चर. थांबा, पान उलटू नका! बाइकचं नाही, कारचंही नाही. बागेत माती, शेणखत, कुंड्या वाहायची ती एका चाकाची गार्डन कार्ट असते ना, तिचं.

तर झालं असं. मागच्या वर्षी एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे खात्यात जमा झाले. (फ्रीलान्सरचे पैसे वेळेवर येणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आईच्या कमरेची गादी सरकलेली. ‘ओझं उचलायचं नाही’ असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण आमचा मळा सेलूच्या पुढे, जिंतूर रस्त्याच्या आतल्या बाजूला. तिथे उकिरड्यापासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत शेणखत नेणार कोण? आईच. टोपलं डोक्यावर घेऊन. म्हणून मी ऑनलाइन एक झक्कास हिरवीगार कार्ट मागवली आणि थेट गावी पाठवून दिली. फोटो आला, आई हसतेय, गाडी चमकतेय. मी खूश. मित्रमैत्रिणींना फोटो दाखवूनही झाला.

चार महिन्यांनी देवगिरी एक्स्प्रेसने गावी गेले. मळ्यात पोचते तर गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली, चाक जमिनीला बसलेलं आणि आत एक कोंबडी निवांत बसलेली. आणि समोरून आई येतेय, डोक्यावर टोपलं!

‘आई, गाडी कामून वापरत नाहीस?’

‘पंक्चर झालीय गं. तीनदा काढलं. सकाळी परत तेच. तू एवढ्या हौसेनं घेतलीस, तुला काय सांगायचं?’

खरं सांगते, मला पंक्चरपेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त लागलं.

आता शहरात राहणारी मुलगी अशा वेळी काय करते? व्हिडिओ बघते. त्यात एक गोरा गृहस्थ ट्यूब काढून टायरमध्ये स्प्रेचा फोम भरत होता. दाराच्या चौकटीच्या फटी बुजवायला सुतार वापरतात ना, तोच पीयू फोम. ‘पुन्हा कधीही पंक्चर नाही!’ भारी फंडा! परभणीहून डबा आणला, टायरमध्ये रिकामा केला, रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी तीन खेपा झाल्या आणि गोल चाक चौकोनी झालं. नंतर कळलं की हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद टायरच्या पोटात तो धड सुकत नाही, आणि सुकला तरी वजनाखाली चेपून जातो. पुढची अख्खी दुपार मी खुरप्याने टायरमधला फोम खरवडत बसले. आई काही बोलली नाही. कोंबडी मात्र बघत होती.

शेवटी चाक आणि जुनी ट्यूब घेऊन रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेले. म्हटलं, नवं चाकच मागवावं लागेल, कारण असली परदेशी छाप गाडी, हिचा टायर इथे कुठे मिळणार? चाचांनी टायरच्या कडेवरचा नंबर बोटाने पुसला आणि हसले. ‘बेटा, ये तो रिक्षा का नंबर है!’

नंबर होता ४.००-८. म्हणजे टायरची रुंदी साधारण चार इंच आणि रिमचा व्यास आठ इंच. बऱ्याच गार्डन कार्टना हाच आकार असतो आणि आपल्याकडच्या पॅसेंजर रिक्षांनाही. म्हणजे सेलू असो, परभणी असो की तुमच्या सोसायटीबाहेरचा चौक, हिची ट्यूब कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. आणि मी बाराशे रुपयांचं चाक मागवायला निघाले होते! तुमच्या गाडीचा नंबर वेगळा असू शकतो, तेव्हा आधी तो वाचा. शेवटी ‘८’ असेल तर अर्धी लढाई जिंकली.

पण मला तर ट्यूबही घ्यावी लागली नाही. चाचांनी जुनी ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. भावाने घरी लावलेले तिन्ही पॅच एकदम टकाटक, एक बुडबुडा नाही. बुडबुडे येत होते ते चौथ्याच, नव्या भोकातून. आणि चारही भोकं वीतभर अंतरात! चाचांनी ट्यूब टायरवर ठेवली, वाल्व्ह रिमवर होता त्याच जागी धरला, आणि भोकांच्या समोर टायरवर खडूने खूण केली. मग मान वर करून विचारलं, ‘काटा निकाला क्या?’

काटा? आम्ही कोणी बघितलाच नव्हता. भोक दिसलं की पॅच, एवढंच.

त्यांनी कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून फिरवला. बोट नाही हं, कापूस! खुणेपाशी त्याचे तंतू अडकले. टायर उलटा वाकवला तेव्हा काळ्या रबरात तांदळाच्या कणीएवढं टोक दिसलं. सराटा. पकडीने धरून ओढला. चाळीस रुपये. मी कॉफीला याच्या पाचपट देते.

सराटा म्हणजे आपला गोखरू. पावसाळ्यात बांधावर जमिनीलगत पसरतो, छोटी पिवळी फुलं येतात, एकदम गोड दिसतो. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला टोकदार काटे. कसाही पडला तरी एक काटा वर! अमेरिकेत या झाडाला ‘पंक्चरवाइन’ म्हणतात आणि त्याला आवर घालायला १९६१मध्ये तिथे इटलीहून सोंडे किडे आणून सोडले होते. आणि जिमवाल्यांनो, तुमच्या सप्लिमेंटच्या डब्यावर ‘ट्रिब्युलस’ लिहिलेलं असतं, ते हेच. कोणी पैसे देऊन खातं, कोणी टायरमधून उपसतं.

आमच्याकडे जोडीला बाभूळ आहेच. कुंपणाला तिच्याच फांद्या. सराट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि दर खेपेला ट्यूबला नवं भोक पाडतं. म्हणून पॅच मारून मारून माणूस थकतो आणि गाडीलाच बदनाम करतो.

बाकी पॅच मारणं तसं सोपं. सगळे चुकतात ते घाईत. ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि मग चक्क गप्प बसायचं. बोट लावल्यावर ओलं लागेनासं झालं की मग पॅच दाबायचा. फुंकर मारू नका. फुंकरीतली वाफ तिथे बसते. टायरमध्ये परत घालताना ट्यूबला टाल्कम पावडर चोळली तर ती आत चिकटत नाही. भावाने पुढची पायरीही गाठली. सायकलच्या जुन्या टायरच्या तारेच्या कडा कापून टाकल्या आणि उरलेला पट्टा टायर-ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखा घातला. खर्च शून्य.

तुमच्या गाडीला ट्यूबच नसेल, तर पंपाने हवा भरताना ती कडेने निसटते. टायरच्या मधोमध सुती दोर गुंडाळायचा, काठी घालून पीळ द्यायचा, म्हणजे कडा रिमला टेकतात. कडांना साबणाचं पाणी लावा आणि पंप मारा. हवा धरू लागली की दोर सैल करा. व्हिडिओत पेट्रोल शिंपडून काडी लावून टायर बसवणारे महाभाग दिसतात. प्लीज, नको. आणि रिम दोन तुकड्यांची, नटबोल्टची असेल तर हवा पूर्ण सोडल्याशिवाय नटला पान्हा लावू नका, रिम उडून लागते. कॉम्प्रेसरने भरत असाल तर टायरवर लिहिलेल्या आकड्यापुढे जायचं नाही. हा छोटा टायर पटकन भरतो.

गंमत बघा, हवेचा टायर हाच मुळात घरगुती जुगाड! बेलफास्टमधल्या जॉन डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकी सायकलसाठी तो घरी बनवला आणि १८८८मध्ये पेटंट घेतलं. पुढे ते रद्दही झालं, कारण रॉबर्ट थॉमसनने हीच कल्पना चाळीसेक वर्षं आधी नोंदवून ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी आई आणि मी गोठ्यापासून वाफ्यांपर्यंतची वाट झाडून काढली. सराटे गोळा केले, ते पत्र्याच्या डब्यात भरून जाळले. पुढच्या पावसाळ्यात पिवळं फूल दिसलं की उपटायचं, असं ठरलंय. गाडी आता सावलीत, विटेवर दांडे टेकून उलटी ठेवतात, कारण मेमधल्या उन्हात रबराला भेगा पडतात.

परवा आईचा फोन आला. ‘येताना सोल्युशनच्या दोन ट्यूब आण. शेजारच्या काकूंच्या हातगाड्याचंबी चाक बसलंय, मी काढून देते म्हणलंय.’

गाडीबद्दल विचारलं तर म्हणाली, रोज आठ-दहा खेपा होतात. टोपलं गोठ्यात पडून होतं, त्यात कोंबडी अंडी घालायलीय.