एक पत्ता, अनेक संगणक

घरात येणारी ब्रॉडबँड जोडणी एकच असली, तरी तिच्यावर अनेक संगणक एकाच वेळी चालू शकतात ते राउटर या यंत्रामुळे. इंटरनेटवर ओळख पटण्यासाठी जो अंकी पत्ता लागतो त्याला आयपी पत्ता म्हणतात. परंतु सेवा पुरवणारी कंपनी घराला असा बहुधा एकच पत्ता देते, कारण या पत्त्यांच्या अद्याप प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीत ३२ बिटांच्या मर्यादेमुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून राउटर घरातील यंत्रांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे, केवळ अंतर्गत वापरासाठी राखलेले खासगी पत्ते वाटतो. एखाद्या संगणकाने संकेतस्थळाची मागणी केली, की राउटर तिच्यावरील खासगी पत्ता काढून घराचा सार्वजनिक पत्ता आणि पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या संवादापुरता खूणक्रमांक, घालतो व त्याची नोंद ठेवतो. उत्तर आले, की त्या नोंदीवरून ते नेमक्या संगणकाकडे जाते. १९९४ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून मांडलेली ही पद्धत आजही टिकून आहे, आणि १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीचा प्रसार रेंगाळण्यात तिच्या यशाचाच वाटा मोठा मानावा लागेल. पत्ता असा वाटून घेता आला, तरी वेग मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे एका संगणकावरून मोठी फाइल चढवली जात असताना दुसऱ्यावरील व्हिडिओ कॉल अडखळतो. काही राउटरांत अशा संवादांना अग्रक्रम देण्याची सोय असते, जिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही.