रंगमंचावरील बोधिवृक्ष

स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या बुद्धचरित्रावरील नाटिकेविषयी अनेक पालकांनी कुतूहलाने विचारणा केली. मध्यरात्रीचे प्रयाण का वगळले? बोधिप्राप्तीच्या वेळी आसन रिकामे का ठेवले? त्यांच्या शंकांचे निरसन व्हावे व विद्यार्थ्यांसही विषयाची अधिक ओळख व्हावी, यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या पहिल्या खर्ड्यात सर्वपरिचित कथाच होती. सिद्धार्थाला वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी दिसतात आणि झोपलेल्या पत्नीला व तान्ह्या राहुलाला सोडून तो कंथक घोड्यावरून रात्रीच निघून जातो. वाचन संपताच नववीतील एका मुलीने विचारले, “सर, न सांगता घर सोडणाऱ्याला आपण थोर का म्हणायचे?” आम्ही निरुत्तर झालो. परदेशीपुरा ही गिरणी कामगारांची वस्ती. गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि कामासाठी परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहणे कित्येक घरांच्या वाट्यास आले. मुलीचा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता.

उत्तराच्या शोधात आम्ही धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाकडे वळलो. कोसंबी आमच्या गोमंतकातील साखवाळचे. जन्म १८७६ चा. आमच्याप्रमाणेच त्यांचीही घरची बोली कोकणी. पाली ग्रंथांचा आधार घेऊन ते दाखवितात की, चार दृश्यांची कथा मुळात विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाची असून ती मागाहून गौतमास जोडली गेली. मज्झिमनिकायातील ‘अरियपरियेसन’ सुत्तात तर स्वतः बुद्ध सांगतात की, आईवडील अश्रू ढाळीत असताना, त्यांची इच्छा नसताही, आपण केस उतरवून काषाय वस्त्रे घेतली. म्हणजे गृहत्याग घडला तो सर्वांच्या देखत!

मग कारण कोणते? सुत्तनिपातातील ‘अत्तदंड’ सुत्तात, अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे एकमेकांशी झगडताना पाहून आपणांस भय वाटले, असे बुद्ध सांगतात. शाक्य व कोलिय या शेजारी कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शस्त्र घेऊन तो मिटणार नाही, ही जाणीव गृहत्यागाच्या मुळाशी असावी, असे कोसंबी मानतात. ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही त्यांनी लिहिले. आपल्या जवळच्याच महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रात याच तंट्याला महत्त्व दिले आहे. मात्र जातकांच्या भाष्यात हे भांडण बोधिप्राप्तीनंतरचे सांगितले आहे. म्हणून आमचा पहिला प्रवेश हा तर्क आहे, हे पडदा उघडण्यापूर्वीच प्रेक्षकांस निवेदनातून सांगितले.

हा प्रवेश मुलांना शिकवावा लागला नाही. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरास आले खरे, पण नळावरची रांग कोणास अपरिचित आहे? आम्ही लिहिलेली भारदस्त वाक्ये मुलांनी बाजूस सारली आणि घरून आणलेल्या घागरी, हंडे आपटीत असे भांडण मांडले की पालक हसू लागले. घागरीऐवजी हाती काठी आली, तेव्हा तेच हसणारे गप्प झाले.

पुढील सहा वर्षांचा शोध आम्ही थोडक्यात दाखविला. आळार कालाम व उद्दक रामपुत्त या गुरूंकडून समाधी शिकूनही गौतमाचे समाधान होत नाही. उरुवेलेस तो देह झिजवितो, पण देह झिजला म्हणून सत्य गवसत नाही. अखेर तो अन्न घेतो, तेव्हा पाच सोबती त्याला भ्रष्ट समजून सोडून जातात. शोधकाच्या वाटेवर चूक ओळखून मागे वळणे हेही पुढचे पाऊल असते, हे मुलांस या प्रवेशातून उमगले.

खरी अडचण पुढेच होती. अंतःकरणात घडणारी गोष्ट डोळ्यांना कशी दाखवावी? माराच्या सैन्यासाठी मुलांनी उत्साहाने राक्षसांचे मुखवटे रंगविले. परंतु तालमीत त्यांचे हसेच झाले. ‘पधान’ सुत्तात माराची सेना म्हणजे वासना, भूक-तहान, आळस, भीती, शंका असे सांगितले आहे. तेव्हा मुखवटे काढले आणि पडद्यामागून केवळ एक हळुवार आवाज ठेवला. तो गौतमास घरी परतण्याचा गोड सल्ला देतो.

बोधीचा क्षण आम्हांस सांचीने शिकविला. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तोरणांवर बुद्धाची मूर्ती नाही. रिकामे आसन, पिंपळ, चक्र, पाऊलखुणा एवढेच आहे. आम्हीही दिवे मंद केले, गौतम झालेला मुलगा अंधारात निघून गेला, आणि प्रकाश आला तेव्हा पिंपळाच्या फांदीखाली नुसते आसन होते. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

शेवट रोहिणीकाठीच केला. परतलेले बुद्ध दोन्ही पक्षांस विचारतात, पाणी मोलाचे की माणसाचे रक्त? प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने यशोधरेची भूमिका केली. पहिल्या प्रवेशातील निरोपाच्या वेळी ती रडत नाही. “शोध लागला की आम्हांलाही सांगा,” एवढेच म्हणते. हे वाक्य कोणत्याही ग्रंथातील नाही. ते तिचे आहे.

कोसंबींनीही १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ज्ञानासाठी घर सोडले होते. पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले. बुद्धाची ओढ त्यांस प्रथम लागली ती ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील एका लेखाने. विद्यार्थिमित्रहो, मुलांसाठी छापलेली चार पाने एखाद्यास कोठवर नेतील, याचा नेम नाही. मात्र निघताना घरच्यांस सांगून निघावे, आणि जे गवसेल ते घेऊन परत यावे.