निंबोळी, म्युनिक आणि मक्याचा पोंगा

नॉर्थ कॅरोलिनातलं मॉरिसव्हिल हे गाव रॅली आणि डरहॅम या शहरांच्या मधोमध, विमानतळाला खेटून वसलं आहे. शेजारच्या रिसर्च ट्रँगल पार्कमुळे इथे भारतीय वस्ती मोठी. हिंदू भवनाचं मंदिर याच गावातलं. इथून पूर्वेला, किनाऱ्याच्या दिशेनं निघालं की मक्याची शेतं लागतात. त्यांतली कणसं पोखरणारी अळी म्हणजे हेलिकोव्हर्पा झिया, आपल्या घाटेअळीच्याच कुळातली. बीटी मक्यातल्या कीटकनाशक क्राय प्रथिनांना ती आता पूर्वीसारखी दाद देत नाही. उन्हाळा सरत आला की तिच्या जोडीला दक्षिणेकडून लष्करी अळीचे पतंग उडत येतात.

या दुसरीची ओळख महाराष्ट्राला नव्यानं करून द्यायला नको. २०१८ मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याकडच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे शिरली. तिचं शास्त्रीय नाव मात्र १७९७ पासूनचं. जॉन ॲबट नावाचा लंडनचा तरुण अमेरिकेत गेला, जॉर्जियात स्थिरावला आणि तिथले पतंग, त्यांच्या अळ्या आणि त्या ज्यावर जगतात ती झाडं जलरंगात चितारत राहिला. त्याच्या चित्रांवरून इंग्लंडातल्या जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी ग्रंथ काढला आणि त्यात या किडीला ‘फ्रुगिपर्डा’ म्हटलं. आजही नावापुढे स्मिथ यांचंच नाव लागतं, ॲबटचं नाही. अळी आधी कोणी पाहिली आणि नाव कोणाचं लागलं, हा प्रश्न या विषयात पुढेही पुन्हा पुन्हा येतो.

या अळीवर फवारल्या जाणाऱ्या कडुनिंबाच्या बाबतीत तर तो फारच टोकदार झाला.

निंबोळीचा कीटकांवरचा परिणाम गावोगाव ठाऊक होता. प्रयोगशाळेच्या भाषेत तो उतरला तो टोळधाडीमुळे. १९५९ मध्ये सुदानात हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं की टोळांनी सगळं हिरवं फस्त केलं, पण कडुनिंब तेवढे शाबूत राहिले. १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीचं अगदी पातळ द्रावण पिकावर फवारून टोळांना खाण्यापासून रोखता येतं, हे दाखवलं. १९६८ मध्ये इंग्लंडात अझाडिरॅक्टिन वेगळं केलं गेलं. हे द्रव्य अळीची भूक मारतं आणि तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत गोंधळ घालतं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला ते कृत्रिमरीत्या घडवायला २२ वर्षं लागली. २००७ मध्ये ते साधलं.

निंबोळी अर्कातली उणीव शेतकऱ्याला आधीपासून माहीत आहे. अर्क ताजा असेल तरच चालतो आणि फवारल्यावर उन्हात काही दिवसांत त्याचा जोर ओसरतो. पुढचा झगडा या टिकाऊपणापासूनच सुरू झाला.

रॉबर्ट लार्सन या अमेरिकी लाकूड-आयातदारानं १९७१ पासून निंबोळ्या अमेरिकेत नेल्या आणि ‘मार्गोसान-ओ’ हे कीटकनाशक काढलं. १९८५ मध्ये त्याला तिथली परवानगी मिळाली. पुढे हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीकडे गेले. ‘साठवणीत टिकणाऱ्या’ अझाडिरॅक्टिनची अमेरिकी पेटंटं तिनं घेतली. तिचा युक्तिवाद साधा होता: झाड तुमचं, पण टिकणारं औषध आम्ही घडवलं. युरोपात ग्रेस आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९४ मध्ये निंबोळी तेलानं पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, क्रमांक ०४३६२५७.

त्याविरुद्ध १९९५ मध्ये तिघांनी आक्षेप नोंदवला: वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आल्व्हूत आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना आयफोम. वर्तमानपत्रांनी हा लढा ‘परंपरा विरुद्ध कंपनी’ असा रंगवला. पण पेटंट कार्यालयात परंपरा या शब्दाला फारसं वजन नसतं. तिथे विचारतात: हीच पद्धत, याच पीकसंरक्षणासाठी, अर्जाच्या तारखेआधी, उघडपणे कोणी वापरली होती का?

मे २००० मध्ये म्युनिकला, युरोपीय पेटंट कार्यालयात सुनावणी झाली, तेव्हा या प्रश्नाला उत्तर देणारा साक्षीदार महाराष्ट्रातून आला होता. अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत झालेल्या शेतातल्या चाचण्यांची साक्ष दिली. बनारस हिंदू विद्यापीठाचे प्रा. यू. पी. सिंग हेही तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. पेटंट रद्द झालं. मालकांनी अपील केलं आणि ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळलं गेलं. घोषणा आणि मोर्चे यांचं मोल आहेच, पण त्या दालनात पारडं झुकवलं ते दोन जिल्ह्यांतल्या, वर्ष सांगता येणाऱ्या फवारणीनं. मराठीत या साक्षीची जेवढी आठवण ठेवायला हवी होती, तेवढी ठेवली गेलेली नाही.

नोंद ठेवण्याची ही सवय पुण्याकडे त्याआधीही होती. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या अखाद्य तेल विभागात सी. एम. केतकर यांनी निंबोळी पेंडीच्या खताचा प्रकल्प १९६९ ते १९७६ चालवला आणि कडुनिंब व त्याच्या उपउत्पादनांच्या वापरावर दोनशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला. जगभरच्या निंब-साहित्यात त्याचे दाखले सापडतात. ज्या काळी कडुनिंबात पैसा आहे असं कोणाला वाटत नव्हतं, त्या काळचं हे काम आहे.

आता टिकाऊपणाचं तेच वचन नॅनोतंत्रज्ञान घेऊन येतंय. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्य विद्यापीठात लिओनार्दो फ्रासेतो यांच्या गटानं निंबोळी तेल झेइनच्या अतिसूक्ष्म कणांत बांधलं. झेइन म्हणजे मक्याच्याच दाण्यातलं प्रथिन. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेलाभोवती कवच धरतं, उन्हापासून आडोसा देतं आणि द्रव्य हळूहळू सोडतं. मक्याचं प्रथिन मक्याच्याच रक्षणाला यावं, हे विलक्षण सुंदर रसायन आहे. या गटानं मातीतले सूक्ष्मजीव आणि सूत्रकृमी यांच्यावरचे परिणामही तपासले. नॅनोच्या उत्साहात हे काम बहुतेक जण टाळतात. मॉरिसव्हिलजवळच, रॅलीच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात, ऑर्लिन वेलेव्ह यांच्या गटानं २०१५ मध्ये लाकडातल्या लिग्निनचे जिवाणूनाशक नॅनोकण बनवले. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी केळीच्या तंतूंच्या कागदात किंचित औषध भरून तो बेनिनमधल्या सुरणासारख्या कंदांच्या बेण्याभोवती गुंडाळला आणि सूत्रकृमी रोखले. कमी औषध, योग्य जागी, सावकाश: दिशा तीच.

मक्यात योग्य जागा म्हणजे पोंगा, कोवळ्या पानांची सुरळी. अंड्यातून निघालेली अळी थोडे दिवस पानं खरवडते, मग पोंग्यात उतरते आणि आपल्याच विष्ठेचं बूच वर बसवून आत सुरक्षित राहते. म्हणूनच ५ टक्के निंबोळी अर्क किंवा १५०० पीपीएमचं अझाडिरॅक्टिन लिटरला ५ मिली, ही शिफारस अंडी आणि लहान अळ्यांच्या टप्प्यापुरती आहे. अळी मोठी झाली की कोणतंही नॅनोकवच उशिरा केलेल्या फवारणीची भरपाई करू शकणार नाही. विक्रेत्यांनी हे शेतकऱ्याला आधीच सांगायला हवं.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं जुलै २०२० मध्ये नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनाची तत्त्वं जाहीर केली आहेत. त्यापुढचं काम राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या विद्यापीठांचं आहे. नॅनो-निंबाची चाचणी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याशी तुलना करून भागणार नाही. शेजारच्या वाफ्यात शेतकऱ्यानं रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला अर्क असला पाहिजे, कारण नव्या औषधाची खरी स्पर्धा त्याच्याशीच आहे. किती ऊन होतं, अळी कोणत्या अवस्थेत होती, मित्रकीटकांचं काय झालं आणि खर्च किती आला, हे तारीखवार, गावाच्या नावानिशी, मराठीत छापून उघड करावं. सिल्लोड, येवला, भोकरदन अशा मक्याच्या तालुक्यांपासून सुरुवात करता येईल.