भाव उतरला, कर्ज उतरले नाही

ईद जवळ आली की बाजारात 'सेल'च्या पाट्या झळकू लागतात. 'दोनावर एक मोफत', 'स्टॉक संपेपर्यंतच' असे वाचले की मुले हात धरून दुकानात ओढतात. भाव उतरला की आनंद सर्वांनाच होतो. पण त्याची झळ कोणाला लागते, याचा विचार आपण सहसा करत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लागलेल्या एका मोठ्या सेलची हकीकत त्यासाठी माहीत असावी.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. आता स्वस्ताई येईल असे लोकांना वाटले, पण भाव चढतच राहिले. १९१४ च्या मानाने १९२० मध्ये तिथला घरखर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. कपडे तर इतके महागले, की एप्रिल १९२० मध्ये अनेक शहरांत नोकरदार मंडळी निषेध म्हणून कामगारांचे जाडेभरडे कपडे घालून कचेरीत जाऊ लागली. नवीन घ्यायचे नाही, जुनेच वापरायचे, असे गिऱ्हाइकाने ठरवले.

अशा वेळी ३ मे १९२० रोजी जॉन वॅनामेकर यांनी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील आपल्या दुकानांत जवळपास सगळ्या मालावर २० टक्के सूट जाहीर केली. वॅनामेकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. घासाघीस न करता प्रत्येक वस्तूवर किंमत लिहायची आणि लहानमोठ्या सर्वांना ती एकाच भावाने द्यायची, या पद्धतीसाठी त्यांचे नाव होते. त्यामुळे आधी किंमत वाढवून मग कमी केल्याचा संशय लोकांना आला नाही. गर्दी उसळली. पाहता पाहता इतर शहरांतील दुकानदारांनीही भाव उतरवले.

ही उतरण मात्र दुकानापुरती राहिली नाही. बँकांचे व्याज वाढले होते आणि मागणी आटली होती. मे महिन्यात पौंडाला २२ सेंटवर गेलेली कच्ची साखर वर्षअखेर ५ सेंटच्याही खाली आली. कापूस कोसळला, गहू कोसळला. शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही, कारखाने बंद पडले आणि लाखो लोकांचा रोजगार गेला. वस्तू स्वस्त झाली, पण ती घेणाऱ्याचा खिसाच रिकामा झाला.

हॅरी ट्रूमन यांची गोष्ट यातलीच. युद्धावरून परतल्यावर १९१९ च्या अखेरीस त्यांनी लष्करातील एका मित्रासह कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. पहिले वर्ष झकास गेले. चढ्या भावाने, कर्ज काढून त्यांनी माल भरला. मग भाव पडले. फळीवरचा माल खरेदीच्या किमतीलाही विकेना. १९२२ मध्ये दुकान बंद झाले.

मालाची किंमत घटली होती, कर्जाचा आकडा मात्र घटला नव्हता. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याची सोय कायद्यात होती. ट्रूमन यांनी ती घेतली नाही. पुढे अनेक वर्षे ते थोडेथोडे करून देणी फेडत राहिले. हेच ट्रूमन १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या घरातही हेच घडते. हप्त्यावर घेतलेला मोबाईल सहा महिन्यांनी स्वस्त होतो, हप्ता मात्र तेवढाच राहतो. सणाच्या भरवशावर उधारीने माल भरणाऱ्या छोट्या दुकानदाराचेही तेच. म्हणून सेलची पाटी दिसली की आधी घरातली गरज पाहावी आणि मग हातातली रोकड. वीस टक्के वाचवण्यासाठी ऐंशी टक्के उधार घेतले, तर त्यात बचत कसली? आणि घेतलेच, तर ट्रूमन यांच्यासारखे ते फेडण्याची नियत ठेवावी.