सॉकेटचे पर्याय : नाव नसले तरी अंक चालतो

समजा, इंदूरच्या एखाद्या महाविद्यालयातील संगणक शिष्यवृत्तीचे अर्ज भोपाळच्या सर्व्हरकडे पाठवीत आहे. अंतिम तारीख आहे आणि मध्येच जोडणी तुटते. प्रोग्रामला मात्र ते कळत नाही. पोच न मिळालेला मजकूर लिनक्स पुनःपुन्हा पाठवीत राहते. नेहमीच्या मांडणीत नाद सोडावयास त्याला सुमारे १५ मिनिटे लागतात. किती थांबावयाचे हे ठरविण्याची जी सोय असते, ती सॉकेट ऑप्शनमध्ये.

हे ऑप्शन कर्नलचे असतात. पायथनसारखी स्क्रिप्ट भाषा केवळ दुभाष्याचे काम करते, आणि दुभाष्याचा शब्दकोश कधी कधी अपुरा पडतो. ‘टीसीपी यूजर टाइमआउट’ हा ऑप्शन लिनक्सच्या २.६.३७ या कर्नलमध्ये जानेवारी २०११ मध्ये आला. पायथनमध्ये ते नाव ३.६ या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१६ मध्ये दाखल झाले. मधल्या काळात काय करावयाचे? येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी : नावे माणसांसाठी असतात, कर्नलपर्यंत फक्त अंक पोहोचतो. ‘सेटसॉकऑप्ट’ला टीसीपीचा स्तर, १८ हा अंक आणि ३०००० मिलिसेकंद एवढे दिले की अर्ध्या मिनिटाची मुदत लागू होते. जुन्या पायथनवर आजही हाच मार्ग आहे.

मात्र अंक सर्वत्र सारखे नसतात. शांत जोडणीची चाचणी घेणारा ‘कीपअलाइव्ह’ नेहमीच्या लिनक्स संगणकांवर ९, तर विंडोजवर ८ असतो. उर्दूतील ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ती किंवा वाद, मराठीतील ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. तसाच हा प्रकार. म्हणून अंक वापरण्यापूर्वी प्रोग्रामने प्रणाली तपासावी.

पीएचपीची अडचण निराळी. तेथे नाव होते, दार नव्हते. ‘एफसॉकओपन’ने उघडलेल्या प्रवाहावर सॉकेटचे ऑप्शन लावता येत नसत. २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ‘सॉकेट इम्पोर्ट स्ट्रीम’ आले आणि ती वाट खुली झाली. पण त्यासाठी सॉकेट एक्स्टेन्शन लागते, आणि भाड्याच्या सर्व्हरवर ते असेलच असे नाही. दोन्ही टोके आपल्या हाती असल्यास दर अर्ध्या मिनिटाला छोटासा निरोप पाठवून उत्तर मागावे. माझ्या मते हाच उपाय अधिक भरवशाचा, कारण त्यात पलीकडचा प्रोग्रामही जागा आहे की नाही हे कळते.

एवढे करूनही तुटण्यापूर्वी अर्ज पोहोचला होता काय, हे कोणताच ऑप्शन सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच अर्ज पुन्हा आल्यास सर्व्हरने दुसरी नोंद न करता जुनीच पोच परत द्यावी.