स्प्रिंगमधून येणारी लाट

सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवर सर्फिंगजोगी लाट येत नाही. सामुद्रधुनीचं पाणी संथ, आणि आज सायकली धावतात तो किनाराही १९६६पासून भराव टाकत तयार केलेला. पण सर्फ संगीताच्या सख्ख्या भावंडाने, म्हणजे शब्दांविना वाजणाऱ्या गिटार संगीताने, साठच्या दशकात या शहराला वेड लावलं. नोव्हेंबर १९६१मध्ये ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याचा साथीदार गिटार बँड ‘द शॅडोज’ हॅपी वर्ल्ड स्टेडियममध्ये वाजवून गेले आणि ठिकठिकाणी गिटार बँड उभे राहिले. क्वीन्सटाऊनच्या शाळेतल्या मुलांच्या ‘द क्वेस्ट्स’ची ‘शँटी’ ही शब्दांविना धून १९६४मध्ये बीटल्सना मागे सारून स्थानिक यादीत पहिली आली. तिच्यात लीड गिटार रेजी वर्गीस यांची.

शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन याचा सूर एको यंत्रातून यायचा. चुंबकीय पृष्ठभागावर मुद्रित झालेला सूर क्षणभराने पुन्हा ऐकू येतो. प्रत्येक आवर्तन सुटं.

कॅलिफोर्नियाच्या सर्फ गिटारचा ओलसर सूर मात्र स्प्रिंगचा. ‘रिव्हर्ब’, म्हणजे आवाज घुमवण्याची ही हॅमंड ऑर्गनमधली युक्ती, फेंडर कंपनीने १९६१मध्ये गिटारसाठी वेगळ्या पेटीत आणली. आत पत्र्याच्या तबकात लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा विद्युत्संकेत एका टोकाचं चिमुकलं चुंबक हलवतो, स्प्रिंगला पीळ बसतो, तो पीळ दुसऱ्या टोकाला पोचून पुन्हा वीज होतो. उरलेला मागे परततो, पुन्हा येतो. सगळ्या कंप्रता स्प्रिंगमधून सारख्या वेगाने धावत नाहीत. म्हणून एकच तुटक ठोका पसरून ‘टिप्’ असा ठिबकतो. वादक याला ‘ड्रिप’ म्हणतात.

हा सूर हवा असेल तर रिव्हर्ब ॲम्पच्या आधी जोडावा. आवाज स्वच्छ ठेवावा, फाटू देऊ नये. ‘ड्वेल’ हे बटण स्प्रिंगांना किती जोराने हलवायचं ते ठरवतं, ते वाढवावं. ब्रिजजवळचा पिकअप निवडावा, तळहाताची कड तारांवर टेकवावी आणि पिक वरखाली भरभर चालवावं. सर्फ गिटारवादक डिक डेल तर फार जाड तारा वापरायचा. महागड्या गिटारपेक्षा जाड तारा आणि उजवा हात जास्त कामाला येतात.

‘शँटी’ आणि शँटेज या सर्फ बँडची १९६३मध्ये गाजलेली ‘पाइपलाइन’ हेडफोन लावून लागोपाठ ऐका. फक्त दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेकडे लक्ष द्या.